हलगी, भोंगा आणि सोमवारचा बाजार

मी एक जुनी हलगी आहे. पण मित्रांनो, माझ्याआधी जगदेवप्पाचा नफा मांडू या; सगळं तिथूनच सुरू झालं. जगदेवप्पा आमच्या गावचा मोठा आडत्या. आमचा बाजार गुरुवारी, आणि त्या दिवशी मोठे व्यापारी चिटगुप्प्याच्या बाजाराकडं वळत. बाजार सोमवारी भरला, तर तेच व्यापारी त्याच्या दारात येणार. आडत त्याची, नावही त्याचंच.

मला गावच्या दवंडीवाल्या निंगप्पाच्या बापानं मढवलं. दवंडीआधी निंगप्पा मला कडब्याच्या जाळावर शेकायचा, मग माझा आवाज वेशीबाहेर मळ्यांपर्यंत पोचायचा. निजामाचं राज्य गेलं, त्याचा हाली शिक्क्याचा रुपया गेला, मतदान आलं. गावाला सगळं आधी माझ्याकडून कळलं. निंगप्पाला त्याबद्दल सुगीत खळ्याखळ्यावर ज्वारी मिळे. मला काय? सारं गाव हातातलं काम टाकून ऐके. तेवढं पुरे होतं.

मग जगदेवप्पानं हैदराबादहून भोंगा आणला. धोतऱ्याच्या फुलासारखं चकचकीत तोंड! बायका त्यात डोकावून बघत. माझ्याकडं कधी कुणी असं पाहिलं होतं? मी अशी जळले, की त्या दिवशी कडबा पेटवायची गरजच नव्हती.

"निंग्या, हलगी खुंटीला टांग," जगदेवप्पा म्हणाला. "सोमवारी बैल जुंपत न्हाईत. माणसं रिकामी. बाजार कसा भरतोय बग!"

"अन् खळ्यावरची ज्वारी, अप्पा?"

"ती भोंग्याला इचार."

भोंगा आठवडाभर ओरडला. सोमवारी माणसं आली, खरंच आली. धुतलेली धोतरं नेसून, हात हलवत. पोतं मात्र एकही नाही. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा; त्या वारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग गाड्या येणार कशा? व्यापारी रिकामे काटे घेऊन बसले.

"पोती कुटं हैत?" जगदेवप्पा कडाडला.

"आमच्या बैलाला तुझा भोंगा कळंना की रे जगदेवा," म्हातारी बसव्वा म्हणाली. "तूच ये, तुलाच जुंपू!"

बाजार खदखदला. कुणी म्हणालं, "हलगी वाजली न्हाई, तवाच कळलं दवंडी कच्ची हाय." सवयीनं निंगप्पानं मला काखेत आणलं होतं. तिथं मी फुलून गेले. घे भोंग्या!

जगदेवप्पानं ते बोलणं अलगद उचललं. "व्हय! ह्या निंग्यानं मुद्दाम हलगी वाजवली न्हाई. सुगीत ह्याला मूठभरबी देऊ नका."

"तुमीच टांगाय लावलाव की, अप्पा," निंगप्पा पुटपुटला.

सगळ्यांचा माल जगदेवप्पाच्याच आडतीवर जायचा. हसणारे गप्प झाले. बसव्वासुद्धा.

बाजार परत गुरुवारी गेला. ते सांगायला मलाच शेकलं, फुकटात. सुगीत निंगप्पाची बायको ईरम्मा प्रत्येक खळ्यावर जाऊन उभी राहिली आणि धान्य बांधायचं चवाळं रिकामंच झटकत घरी आली. पुढच्या महिन्यात मला खुंटीवर सोडून दोघं शहाबादच्या फरशीच्या खाणीवर मजुरीला गेली. आमचं गाव म्हैसूर राज्यात गेल्याची बातमी भोंग्यानंच सांगितली. मी खुंटीवरून ऐकली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकलीत तर बरं वाटेल. पण आधी मला शेकणाऱ्या हाताची विचारपूस करा. जगदेवप्पाची आडत वाचली, भोंग्याचं नाव झालं, मला एका दुपारचं कौतुक मिळालं. या सगळ्याची भरपाई ईरम्माच्या चुलीनं केली.