माझ्याविना काढलेला फोटो

मी चहाच्या पेटीची फळी बोलतेय. एका बाजूला खरखरीत लाकूड, दुसऱ्या बाजूला चंदेरी कागद. आसामातून पत्तीसोबत अंधेरीच्या एका चहाच्या दुकानात आले. पेटी रिकामी झाल्यावर बाकीच्या फळ्यांचं सरपण झालं; मला तेवढं वरच्या मजल्यावरच्या फोटोवाल्यानं मागून नेलं.

त्याचं नाव श्यामकांत. चहाच्या दुकानावरची एक खोली, हाच त्याचा स्टुडिओ. खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. दिवे होते त्याच्याकडे, पण चेहऱ्याच्या फोटोला तो ते लावायचा नाही. "दिव्याखाली माणूस चौकीत बसवल्यासारखा दिसतो," म्हणायचा.

खिडकीतला उजेड एकाच बाजूनं येतो. नाकाची, गालफडाची, जुन्या वणाची सावली पडते. मला दुसऱ्या बाजूनं धरलं की मी तोच उजेड परत टाकते आणि सावल्या फिक्या होतात. हे माझं काम. ढग आला की मला पुढे घ्यायचं, गेला की मागे न्यायचं. थोडी वर, थोडी तिरकी. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नव्हतं.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीत काशीराम आला. मूळचा मालवणकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणारा. गावी आईला फोटो पाठवायचा होता. सोबत बायको, जानकी. काशीरामचे गाल आत गेलेले, आणि डाव्या गालावर हनुवटीपर्यंत लांब वण. साच्यावरचा धोटा उडून लागला होता.

श्यामकांतनं त्याला खिडकीशी बसवलं. उजेड नीट आहे ना हे बघायला माझ्याविनाच एक फोटो काढला. मग जानकीला म्हणाला, "वहिनी, ही फळी जरा धरता का? चंदेरी बाजू त्यांच्याकडे."

तिनं मला धरलं. मी हलले तसा नवऱ्याचा चेहरा भरत गेला. खड्डे बुजले, वण पुसट झाला. तिला ते फार आवडलं. ती मला आणखी जवळ घेऊन गेली.

"हसा ना जरा!" ती म्हणाली, आणि काशीराम हसला.

फोटो हातात आल्यावर तो बघतच राहिला. "ह्यो मी? आवस माका वळखूची नाय." तिघंही हसले. मीसुद्धा मनातून फुलले होते.

जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पावसाळा संपला तरी संप संपला नाही. एके दिवशी जानकी एकटीच जिना चढून आली. काशीराम काम बघायला म्हणून बाहेर पडला होता, त्याला दीड महिना झाला होता.

"चौकीत फोटो दिला, भाऊ. स्टेशनांवर चिकटवला. वर्सोव्याच्या धक्क्यावर लावला. कोणी म्हणून आलं नाही." तिनं तो हसरा फोटो टेबलावर ठेवला. "काल ह्यांच्या खात्यातला दशरथ भेटला. चौदा वर्षं शेजारच्या साच्यावर होता. फोटो बघून मला विचारतो, वहिनी, हा कोण?"

श्यामकांतनं फोटो खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड फिरवता आलं असतं तर फिरवलं असतं.

त्यानं निगेटिव्हची पाकिटं खाली ओतली. एकेक पट्टी उजेडात धरून टाकत गेला. शेवटी तो पहिला फोटो सापडला, माझ्याविना काढलेला. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत त्यानं जानकीपुढे ठेवली. बसलेले गाल, थकलेले डोळे, गालावरून उतरलेला काळा वण.

तिनं पदर तोंडाला लावला. "हेच. हेच माझे."

दोघं मिळून त्याच्या प्रती लावत फिरले. पार्ल्याला, मालाडच्या बाजारात, पुन्हा वर्सोव्याला. मी खोलीत एकटी. खिडकीत सकाळ यायची, दुपार व्हायची, जिन्यावर पाऊल वाजलं की माझा कागद थरथरायचा. माणूस जिवंत असेल का, एवढंच डोक्यात. आणि नसला तर त्यात माझा वाटा किती?

आठव्या दिवशी जानकी धापा टाकत आली. धक्क्यावर मालन नावाच्या कोळणीनं फोटो ओळखला होता. "म्हणाली, यो तं मढला हाय, बोंबील वाळत घालतो. मी विचारलं, अगं, महिनाभर इथे ह्यांचाच फोटो होता, तुला दिसला नाही? तर म्हणते, त्यो? त्यो कोना शेटचा वाटला मला."

ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. त्याच दुपारी श्यामकांत तिच्यासोबत होडीनं खाडीपलीकडे मढला गेला.

काशीराम परत आला. दोन दिवसांनी दोघं खोलीवर आले. तो अधिकच काळवंडला होता, अंगाला सुक्या मासळीचा वास. "उपाशी पोरांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं," एवढंच बोलला.

श्यामकांतनं दोन्ही फोटो पुढे ठेवले. "वहिनी, भिंतीवर कुठला लावणार?"

"हसराच राहू दे तिथे." मग तिनं दुसरा फोटो उचलला, रुमालात गुंडाळून बटव्यात ठेवला. "हा माझ्यापाशी. परत गेले तर."

काशीराम खिडकीबाहेर बघत होता. "नाही जाणार" असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो म्हणाला नाही.

त्यानंतर श्यामकांत प्रत्येकाचा एक फोटो माझ्याविना काढून ठेवू लागला. गिऱ्हाइकांना तो कधीच आवडला नाही. पुढे समोर इमारत उभी राहिली, खिडकी अंधारली, रंगीत फोटो आले, आणि श्यामकांतलाही शेवटी चेहऱ्यांना दिवे लावावे लागले. आता मी कपाटामागे आहे. कागद जागोजागी फाटलाय. उजेड पडत नाही, त्यामुळे करायला काही नाही. पण स्वस्थता म्हणाल तर तीही नाही.

जानकी पुन्हा इथे आली नाही. ही बातमी बरी की वाईट, मला कळत नाही. तुमच्यापैकी कुणी वर्सोव्याच्या धक्क्यावर गेलात तर माझं एवढं काम करा. होडीची वाट बघताना जरा भिंतीकडे नजर टाका. गालावर वण असलेल्या माणसाचा फोटो तिथे नसेल, तर वर येऊन मला सांगा. असेल, तर आधी मढला जा.