दिराची पूड

पडदे शिवणाऱ्या बाईला आरशात बघायचीच किळस यायला लागली होती. चेहरा फुगून गरगरीत, मानेमागे चरबीचा गोळा, हातपाय मात्र काटकुळे. पोटावर जांभळे ओरखडे उमटले होते. मनगट मशीनला नुसतं घासलं तरी काळंनिळं व्हायचं. आणि भूक तर विचारू नका! पोटभर जेवून उठली तरी ती उभ्याउभ्या पातेलं खरवडायची, हनुवटीवर तेल ओघळायचं आणि तिची तिलाच शिसारी यायची.

“जरा तोंडाला आवर घाल,” नवरा म्हणायचा.

बरी होती ती फक्त बोटं. सांधे सुजून कात्रीही धरवत नव्हती, तेव्हा धाकट्या दिरानं तिला पूड दिली होती. तो ती विकायचाच. “निव्वळ झाडपाला, वहिनी. अपाय म्हणून नाही.” बोटं खरंच सरळ झाली. तेव्हापासून ती दिराचे गुण गात सुटली होती.

एकदा पूड संपली म्हणून ती त्याच्या खोलीवर गेली. दार उघडंच होतं. मोरीशेजारी कळकट खल, त्यात सुका पाला, आणि पाल्यात पांढऱ्या गोळ्यांचा चुरा. कोपऱ्यात गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग, त्यावर झुरळं फिरत होती. दीर बोटाला थुंकी लावून पुड्या बांधत होता.

“या कसल्या गोळ्या, भाऊजी?”

“स्टेरॉइड. घालावं लागतं थोडं. नुसत्या पाल्यानं कुणाला गुण आलाय?” तो हसला.

“म्हणजे माझं हे तोंड असं झालं ते...”

“तोंडाचं काय घेऊन बसलात? बोटं चालतात ना?”

 ती थुंकी आपण रोज पोटात घेत होतो! घरी येऊन तिनं पुडीचा उरलासुरला कागदही गटारात फेकला आणि जीभ लाल होईस्तोवर घासली.

दोन-तीन दिवसांतच तिचे पाय लटपटायला लागले. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावरच तिला भडभडून उलटी झाली आणि ती तिथंच कोसळली. नवऱ्यानं तिला इस्पितळात नेलं. रक्तदाब पार खाली गेला होता.

सलाइन, इंजेक्शनं झाली. जरा सावरल्यावर तिनं पुडीचं आणि त्यातल्या गोळ्यांचं सांगितलं, पूड कुणाची ते मात्र नाही. डॉक्टरीणबाई खाटेच्या काठावर टेकल्या. “मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन बनवतात. रक्तदाब टिकवायला, आजारपण सोसायला ते लागतंच. किती बनवायचं, याचा हुकूम मेंदूकडून येतो. तुमच्या पुडीतून त्याच जातीचं औषध आयतं यायला लागलं. मेंदूला वाटलं, भरपूर आहे, म्हणून त्यानं हुकूम थांबवले. ग्रंथी काम विसरल्या. आणि तुम्ही पूड एकदम तोडलीत.”

“मग आता?”

“तेच औषध घ्यायचं. मापात, हळूहळू कमी करत. ग्रंथी जाग्या होईपर्यंत.”

“तेच?” तिनं तोंड वाकडं केलं. नर्सनं दिलेली गोळी तिनं डोळे मिटून गिळली. कडू चव टाळूला चिकटून राहिली.

संध्याकाळी दीर फळं घेऊन आला. “वहिनी, बाहेर कुठं बोलू नका. माझ्या पोटावर पाय येईल.” त्यानं पायाला हात लावला तशी तिनं पाय आखडून घेतले.

“घरातलीच गोष्ट आहे, घरातच मिटवू,” नवरा म्हणाला.

तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्याही शेजारी बसवेना असं तिला झालं. तिनं डॉक्टरीणबाईंना हाक मारली आणि पूड कोण बनवतो, कशी बनवतो ते सगळं दोघांच्या देखत सांगितलं. “आमच्या गल्लीत बऱ्याच बायका ही पूड खातात. त्यांना बोलवा. पण एकदम सोडू नका म्हणावं.”

डॉक्टरीणबाईंनी वर कळवलं, सरकारी माणसं आली आणि दिराची खोली सील झाली. बायका एकेक करून तपासून घ्यायला गेल्या. तिचा स्वतःचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी ओसरला, ग्रंथी कामाला लागल्या. बोटं मात्र परत दुखू लागली, त्यावर रीतसर उपचार सुरू झाले.

एके दिवशी गल्लीतली इस्त्रीवाली दुकानात आली. तिचा चेहरा अजून फुगलेला होता.

“पूड होती तोवर चांगली चालत होते मी. तुला कुणी सांगितला होता शहाणपणा?” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, “तुझ्याकडे असेल ना गं एखादी पुडी उरलेली?”

हिनं कात्री खाली ठेवली आणि चूळ भरायला मोरीवर गेली.