मांजराच्या नावावर

पलीकडच्या खोलीतून आईचं घोरणं ऐकू आलं, तशी देसांकानं सुईच्या टोकानं पहिला धागा उचलला आणि उसवायला सुरुवात केली. दुपारचे तीन वाजले होते. पाचला म्हातारी उठायची. तेवढ्या वेळात आईनं सकाळपासून मागावर विणलेली दोन बोटं उंचीची पट्टी उसवायची, तीच लोकर घेऊन तीच नक्षी पुन्हा विणायची आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं कॉफी ठेवायची. एरवी विणलेला धागा लाकडी फणीनं ठोकून घट्ट बसवतात. पण फणीचा आवाज म्हातारीला झोपेतही ओळखू आला असता. म्हणून देसांका फणी ठोकत नसे, दोन्ही हातांनी दाबत असे. त्यानं खांदे असे भरून येत की रात्री कूस बदलता येत नसे.

गारा तिच्या पायाशी बसून उसवलेल्या धाग्याकडे बघत होती. गारा म्हणजे घरातली काळी मांजर. नऊ वर्षांपूर्वी देसांकाला ती कारखान्यात बुटांच्या खोक्यात सापडली होती.

देसांका रबरी बूट बनवणाऱ्या कारखान्यात तळवे चिकटवायची. सकाळी सहा ते दुपारी दोन. घरी आल्यावर आधी हात व्हिनेगरनं धुवायची, कारण डिंकाचा वास लोकरीला लागला की जन्मात जात नाही. एकतीस वर्षं तिचं हेच चाललं होतं. कारखाना, हात धुणं, माग.

आणि आई म्हणजे स्टाना. आमच्या पिरोत गावात गालिच्याला किलिम म्हणतात आणि चांगल्या किलिमला स्टानाचा हात म्हणतात. स्टानाच्या किलिममध्ये पाणी ओतलं तर थेंब गळणार नाही, असं लोक म्हणायचे. कुणी ओतून पाहिलं नव्हतं, पण म्हणायचे.

मागावरचा हा किलिम मात्र आईच्या नक्षीचा नव्हता. चोपन्न वर्षांच्या देसांकानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यातून काढलेली ही नक्षी होती. लाल जमीन, तिच्यावर एकशे बारा कासवं, सगळी एकाच दिशेला निघालेली, आणि त्या दिशेला किनारच नाही.

"तीन बाजूंना किनार, आणि चौथ्या बाजूला काय, वारा?" आई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "किनार नसलेला किलिम कोणी पायाखालीसुद्धा घेणार नाही."

"पायाखाली नाहीच घालायचा. भिंतीवर लावायचाय. बेलग्रेडच्या प्रदर्शनात."

"भिंतीला थंडी वाजते का?" आई म्हणाली, आणि स्टूल ओढून उजव्या बाजूला बसली. एवढा रुंद किलिम एकटीनं होत नाही. डावीकडे लेक, उजवीकडे आई, अशा दोघी कायमच बसत आल्या होत्या.

अर्धा किलिम झाला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच आईला झटका आला. उजवा हात गेला. इस्पितळातून आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, सूप पुढं केलं तर ओठ मिटून घ्यायची. पंधराव्या दिवशी ती उठली, स्वतःच स्टुलावर जाऊन बसली आणि डाव्या हातानं धागा ओवायला लागली. त्या दिवशी दुपारी तिनं जेवायला मागितलं. देसांका मोरीत जाऊन रडली.

संध्याकाळी तिनं आईनं विणलेल्या भागावर हात फिरवला. वीण ढिली होती. फणीत जोर नव्हता. एक्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि वीण चाचपायची सवय आयुष्यभर उजव्या हाताची. तो हात आता खोटं सांगत होता. डाव्या हातानं तो उचलून, त्याची बोटं विणीवरून फिरवून म्हातारी समाधानानं मान हलवत होती.

सांगायचं कसं? विणकर संघाच्या मिलुंकाबाई तळवा फिरवून किलिम पास करतात. हा भाग त्यांच्या तळव्याखालून गेला नसता. आणि आईला सांगितलं असतं तर ती पुन्हा भिंतीकडे वळली असती, या खेपेला कायमची. मग देसांकानं उसवलं. दुसऱ्या दिवशीही उसवलं. त्याला आता आठ महिने होत आले होते.

पाच वाजता स्टाना काठी टेकत आली. स्टुलावर बसून तिनं डोळे बारीक केले. आपण कुठवर आलो याची खूण म्हणून कडेच्या उभ्या धाग्याला ती लाल दोरा बांधून ठेवायची.

"हे बघ," ती म्हणाली. "खूण इथं, आणि काम तिच्या खाली. अर्धं बोट कमी झालं."

वीण घट्ट बसली की उंची कमी होते. देसांका कॉफी ओतत होती. "गारानं ओढलं असेल. मी सारखं केलं."

"परत मांजर?"

"लोकर दिसली की राहवत नाही तिला."

पहिल्यांदा, मार्चमध्ये, ते खरं होतं. गारानं खरोखरच एक धागा ओढला होता. मग तेच कारण सोयीचं पडलं. मांजर बिचारं काही बोलत नाही.

"आणि तुझी बाजू बघ," आई म्हणाली. "माझ्यापेक्षा वीतभर मागं. एका हातानं मी पुढं, दोन हातांनी तू मागं. हात कारखान्यातच ठेवून येतेस का?"

"दमते गं आई."

"मी तिशीत होते तेव्हा दोन पोरं आणि गाय सांभाळून वर्षाला तीन किलिम काढायचे."

देसांकानं कॉफीचा घोट घेतला. ओठांवर आलेलं घोटासोबत आत गेलं.

सत्तावीस ऑक्टोबरला संत पेटकाचा सण. त्या दिवशी आमच्याकडे कुठलीही बाई सुईला हात लावत नाही. किलिम त्याआधी मागावरून उतरला तरच प्रदर्शनाला जाणार होता. ऑक्टोबरची सात तारीख उजाडली होती आणि एकवीस कासवं बाकी होती.

आठ तारखेला ती कारखान्यातून आली, हात धुतले, आणि पायाशी कोणी आलं नाही.

अंगणात तिचा नवरा ल्यूबिशा मिरच्या भाजत होता. निवृत्त बसड्रायव्हर, सासूच्या घरात राहतो म्हणून गल्लीत सगळे त्याला घरजावई म्हणून चिडवत. तोही हसायचा. आज मात्र तो मान वर करेना.

"गारा कुठाय?"

त्यानं चिमट्यानं एक मिरची उलटली. "बहिणीकडे सोडून आलो. डोंगरात."

"का?"

"आईंनी सांगितलं. म्हणाल्या, आठ महिने माझं काम नासवतंय, आता एक तर ते मांजर राहील नाही तर मी. मी काय करणार होतो? तूच तर रोज सांगायचीस, मांजरानं उसवलं, मांजरानं उसवलं."

"मांजरानं काही उसवलं नव्हतं."

ल्यूबिशानं चिमटा खाली ठेवला. तो बायकोकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे दुपारी तू... रोज?"

"हळू बोल."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की गं आपण." तो उठला. "आत्ता जातो, घेऊन येतो."

"आणि आईला काय सांगशील?"

ल्यूबिशा उभाच राहिला. मांजर निर्दोष म्हणायचं तर दोषी कोण तेही सांगावं लागणार होतं. तो पुन्हा बसला. मिरच्या जळत होत्या.

त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी देसांकानं सुई हातात घेतली नाही. आईचं घोरणं सुरू व्हायचं आणि ती पायाशी रिकाम्या जागेकडे बघत बसायची. उजव्या बाजूला चार बोटं ढिली वीण चढली. किलिमला तिथं फुगवटा आला. आणखी दोन दिवस गेले असते तर सगळी रुंदीच तिरकी झाली असती. शनिवारी मिलुंकाबाई बघायला यायच्या होत्या. तिला मांजराचा राग आला, आईचा आला, एकशे बारा हा आकडा सुचला त्या दिवसाचा आला. इतकी वर्षं दुसऱ्यांची नक्षी विणली तेव्हा कधी कुणाचं काही अडलं नव्हतं. एक आपलं काढायला गेले तर घरादाराला फास लागला, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिनं ते सगळं उसवलं आणि पाचपर्यंत जमेल तेवढं विणलं. घरात मांजर नाही हे ती विसरली होती असं नाही. पुढचा विचार करायची ताकद संपली होती, एवढंच.

पाच वाजता स्टाना येऊन बसली. डोळे बारीक केले. लाल दोरा चांगला चार बोटं वर लोंबत होता.

तिनं दोरा बोटांत धरून पाहिला. मग म्हणाली, "मांजर परत आलं वाटतं."

दारात ल्यूबिशा मिरच्यांची परात घेऊन उभा होता. "नाही हो आई, ते तर तिकडे..." एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

स्टानानं उजवा हात मांडीवर तसाच राहू दिला. डावा उचलला. झटक्याच्या दिवशी एक कासव अर्धं राहिलं होतं, ते तिनं बरोबर शोधलं आणि त्याच्यावर तळवा टेकवला. तिथून हात हळूहळू वर सरकला. एक कासव, दुसरं, तिसरं. डाव्या हाताला अशी सवय नव्हती, पण तो खरं बोलत होता. सगळं घट्ट होतं, एका हातानं बसणार नाही इतकं. पाण्याचा थेंब गळला नसता.

"ह्यात माझं काय आहे?" तिनं विचारलं.

"आई..."

"विचारलंय तेवढं सांग."

देसांकाला खोटं बोलता आलं असतं. आठ महिन्यांत तेवढी सवय झाली होती. "रंग तू निवडलेस," ती म्हणाली.

"रंग." म्हातारीनं हात खाली घेतला. "म्हणून तुझी बाजू मागं होती. आणि मी तुला आळशी म्हणत होते."

स्टाना काठी धरून उठली. दाराशी जाऊन थांबली.

"ल्यूबिशा, गाडी काढ. मांजर घेऊन ये."

तो अंधार पडल्यावर एकटाच परतला. गारानं पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही आणि दुसऱ्या सकाळी ती गोठ्यात नव्हती, असं बहीण म्हणाली. तो दोन तास झुडपांत हाका मारत फिरला होता. त्याच्या पँटला काटे चिकटले होते. स्टानानं ऐकून घेतलं, एका बशीत दूध ओतलं आणि वाकायला जमेना म्हणून काठीनं बशी उंबऱ्याबाहेर सरकवली. दूध थोडं सांडलं. पुसायला आलेल्या लेकीला तिनं हातानंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी देसांका अडीच वाजता घरी आली. हात धुतले. तिला वाटलं होतं, आई भिंतीकडे तोंड करून पडली असेल. दिवसभर तळवे चिकटवताना तिच्या डोळ्यांपुढं तेवढंच होतं. पण आई झोपली नव्हती. ती मागापुढं बसली होती आणि उजव्या बाजूला सकाळची दोन बोटं विणून झाली होती.

"बस," आई म्हणाली. "उसव."

"राहू दे आई. एवढं असू दे तुझं."

"ढिलं आहे."

"असू दे ढिलं. मिलुंकाबाईंना नाही तर नाही पसंत पडणार. प्रदर्शन काय, पुन्हा येईल."

"मला ढिल्या कामाची भीक घालू नकोस. साठ वर्षं मी शिकायला आलेल्या पोरींचं उसवून टाकलंय, त्या रडल्या तरी. उसव. मला बघू दे."

देसांका शेजारी स्टुलावर बसली. सुईच्या टोकानं पहिला धागा उचलला. आई उघड्या डोळ्यांनी बघत होती. सुटलेला धागा जमिनीवर पडू लागला तसा स्टानानं तो वरच्यावर धरला. उजवा हात तिनं डाव्यानं धरून पुढं ठेवला, खुंटी ठोकावी तसा, आणि त्या मेलेल्या हाताभोवती डाव्या हातानं लोकर गुंडाळायला लागली. एक वेढा, दुसरा वेढा. धागा कुठं सैल पडत नव्हता.

"पेटकापर्यंत होईल?"

"नाही होणार आता," देसांका म्हणाली. "एकटीनं नाही."

"मग पुढच्या वर्षी," एक्याऐंशी वर्षांची बाई म्हणाली. "स्टूल मधे घे. डावीकडे बसून सगळीकडे हात पुरायचा नाही."

देसांकानं स्टूल मधोमध ओढलं. पहिली ओळ विणली आणि सवयीनं फणी दोन्ही हातांनी दाबली.

"दाबतेस काय? ठोक," आई म्हणाली. "मला ऐकू येऊ दे."

देसांकानं ठोकलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा दुपारच्या त्या घरात फणीचा आवाज झाला. स्टाना डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या उजव्या हातावर लाल लोकर चढत होती. उंबऱ्याबाहेर बशीतल्या दुधावर साय धरली होती.