पंचवीस आकड्यांचा कागद

शाळेची बस चालवण्यात हयात घालवलेल्या माणसाला कागदावरच्या पंचवीस आकड्यांनी अडवावं, हे ड्रायव्हरकाकांना मुळीच पटलं नव्हतं. काकांचं लिव्हर बिघडलं होतं. लिव्हर बिघडलं की अंगातलं विष रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि चालताबोलता माणूसही आतून मंदावतो. ते वेळीच ओळखलं तर रुग्ण जास्त काळ धडधाकट राहतात का, याचा डॉक्टर अभ्यास करत होते. त्यासाठी दर महिन्याला विखुरलेले आकडे पेन्सिलीने क्रमाने जोडायचे. वेग सुधारल्याशिवाय काकांना बस चालवायचा दाखला मिळणार नव्हता.

काकांनी मग शक्कल लढवली. कागद डोळ्यांत साठवून घेतला आणि घरी रोज गिरवला. बायकोने विचारलं तर म्हणाले, "मेंदूला व्यायाम!"

आज त्यांनी आकडे असे झरझर जोडले की सिस्टर घड्याळाकडे बघतच राहिल्या.

"कमाल केलीत, काका!"

"मग! सोमवारपासून गाडीवर. नातीला सांगूनही टाकलंय. माझ्याच बसने जाते ती."

"इतका फरक दिसला की आम्ही दुसरा कागद देतो. आकडे तेच, जागा वेगळ्या."

काकांनी नवा कागद पुढे ओढला. अकरापर्यंत बरं गेलं. बारा काही सापडेना. पेन्सिल कागदभर हिंडून आली. शेवटी दिसला, तो अकराला खेटूनच होता. हाच आकडा रस्त्यावरचं पोर असता तर?

उरलेले आकडे त्यांनी रखडत का होईना पुरे केले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"सिस्टर, पहिला कागद धरू नका. तो मी पाठ केला होता."

सिस्टर रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत. त्याच्या भरवशावर तुम्हाला औषधच मिळालं नसतं. आजच डॉक्टरांशी बोलते. पुष्कळजण सुधारतात, काका."

"मीही सुधारणारच. पण तोवर दाखला नको."

बाहेर पडले तोच नातीचा फोन.

"आजोबा, पास झालात ना? सोमवारी तुम्हीच ना?"

"नाही गं. दुसरे काका येतील."

"डॉक्टर नाही म्हणाले?"

"डॉक्टर कशाला? मीच नाही म्हणालो." काका रिक्षांच्या रांगेकडे वळले. "तू असतेस ना त्या गाडीत."