हरणाऱ्या सशांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. पण घरातली नव्हे, मैदानातली. माझी बैठक लाकडी पट्ट्यांची आहे, पाय बिडाचे आहेत आणि अंगावर हिरव्या रंगाचे इतके थर आहेत की मुळात मी कोणत्या रंगाची होते हे मलाही आठवत नाही. मला एक जन्माची सोबतीण आहे. आम्हा दोघींच्या मधला पाय एकच आणि टेकायचा हातही एकच, त्यामुळे भांडण झालं तरी आम्हाला वेगळं राहता येत नाही. कोणी बसलं की आम्ही कुरकुरतो. लोक म्हणतात बिजागऱ्या गंजल्या. गंजल्या असतीलही, पण हरणाऱ्या संघाच्या मैदानात हयात घालवल्यावर कोण कुरकुरणार नाही?

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी मी एका मोठ्या शहराच्या बेसबॉल मैदानात होते. तिथे बँड वाजायचा, माणसं माझ्यावर उभी राहून ओरडायची आणि मी त्यांचे बूट सहन करायची. पुढे ते मैदान पाडलं आणि आम्हाला ट्रकमध्ये घालून टेक्ससला आणलं. डॅलसच्या उत्तरेला एक नवं उपनगर वसत होतं. काल-परवापर्यंत जिथे गुरं चरत होती, तिथे विटांची सारखी दिसणारी घरं उभी राहिली होती आणि त्यांच्या मधोमध एक छोटं मैदान. मैदानाच्या मालकाला जुन्या खुर्च्या स्वस्तात मिळाल्या. संघही त्याने बहुधा तसाच मिळवला असावा.

त्या संघाचं नाव जॅकरॅबिट्स, म्हणजे टेक्ससच्या माळावरचे लांब कानांचे ससे. गोष्टीतला ससा निदान झोपला म्हणून हरला. आमचे ससे टक्क जागे असताना हरायचे. कधी चेंडू क्षेत्ररक्षकाच्या पायांमधून जायचा, कधी दोन ससे एकाच चेंडूखाली धावत येऊन एकमेकांना आदळायचे. दर वर्षी नवा प्रशिक्षक यायचा. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हळूहळू लोक यायचे थांबले. माझ्यावर धूळ साचली आणि कबुतरांनी मला आपली मानली. हरणाऱ्या संघाच्या खुर्चीला एक सुख असतं, ते म्हणजे आराम. पण खरं सांगू, खुर्चीला आराम नको असतो, तिला माणूस हवा असतो.

तो माणूस मला २००६च्या मे महिन्यात मिळाला.

पांढरा शर्ट, पायात वहाणा आणि डोक्याला टोपीऐवजी गुंडाळलेला पंचा, अशा वेशात एक आजोबा पायऱ्या उतरून आले. बरोबर त्यांची अकरा वर्षांची नात आन्या होती. बसण्याआधी आजोबांनी खिशातून रुमाल काढला आणि मला नीट पुसलं. पाठ पुसली, हात पुसले, मग शेजारणीलाही पुसलं. इतक्या वर्षांत हे कोणी केलं नव्हतं. मी त्याच क्षणी त्यांची झाले.

त्यांचं नाव गुरुनाथ. ते नागपूरच्या बँकेतून निवृत्त झालेले. आजी वारल्यावर मुलाकडे, अतुलकडे, सहा महिन्यांसाठी आले होते. अतुल आणि सून रुपाली दिवसभर ऑफिसात. आजोबांना गाडी चालवता येत नव्हती आणि तिथे गाडीवाचून माणूस म्हणजे पायावाचून माणूस. घरापासून चालत जाता येईल असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे आमचं मैदान. टेक्ससच्या उन्हाचं त्यांना काही नव्हतं. “नागपूरचा मे पाहिलेला माणूस आहे मी,” असं ते शेंगदाणे विकणाऱ्यालाही सांगायचे, तेही मराठीतून.

आन्या मात्र जॅकरॅबिट्सची खरी चाहती होती. संघाची टोपी घालून ती शाळेत जायची आणि वर्गातली मुलं तिला चिडवायची. लहानपणापासून ती मैदानात येत होती. पण तिच्या डोळ्यांदेखत हा संघ एकदाही जिंकला नव्हता.

“जस्ट वन्स, आजोबा,” ती म्हणाली, “मला त्यांना जिंकताना बघायचंय.”

“पाहशील ना बाप्पा,” आजोबा म्हणाले. “मी परत जायच्या आधी पाहशील. शब्द देतो.”

हा शब्द आजोबांनी ससे सांभाळतील अशा भरवशावर दिला होता, इथेच चुकलं.

आणि पहिल्याच दिवशी दुसरी चूक झाली. तुम्हाला ठाऊक असेल, बेसबॉलमध्ये चेंडू समोरच्या दोन पांढऱ्या रेषांच्या आत मारायचा असतो. मागे गेला तर तो फाउल, म्हणजे फुकट. पण आजोबांचा जन्म क्रिकेट बघण्यात गेलेला. फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू मागे गेला, तसे ते ताडकन उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.

“वा! काय लेट कट मारला. मागे कोणीच नाही, चार धावा कुठे गेल्या नाहीत.”

सगळं मैदान शांत होतं. माणसं वळून बघू लागली.

“आजोबा, प्लीज,” आन्या कुजबुजली. “इट्स अ फाउल. दॅट्स बॅड.”

“वाईट कसा? इतका नाजूक मारला.”

पुढचा चेंडूही मागे गेला. पुन्हा टाळ्या. आन्याचे कान लाल झाले. ती माझ्या शेजारणीवरून उठली आणि दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली, जणू हे आजोबा कोणा दुसऱ्याचे. आजोबांनी आपला रुमाल शेजारणीवर ठेवला, जागा धरावी तसा. मला फार वाईट वाटलं.

पण ते यायचे थांबले नाहीत. आन्या यायची, दोन खुर्च्या दूर बसायची. आणि आजोबा प्रत्येक फाउलला टाळी वाजवायचे. फाउल म्हणजे काय हे आन्याने त्यांना वहीत आकृती काढून समजावलं, तरी हात काही ऐकेनात. “कळतं गं,” ते म्हणायचे, “पण शॉट चांगला होता.”

मग एक गंमत झाली. आमच्या सशांना फाउलखेरीज फारसं काही मारता येत नव्हतं. म्हणजे आनंद मानायचा तर तेवढाच होता. आधी शेंगदाणेवाल्याने आजोबांबरोबर टाळी वाजवली. मग मागच्या रांगेतल्या जाड चष्म्याच्या बाईंनी. जुलै संपेपर्यंत फलंदाजाच्या मागचा आमचा सगळा भाग फाउल गेला की उभा राहू लागला. खेळाडूही चक्रावले. एकाने तर टोपी उचलून आजोबांना सलाम केला. त्या दिवशी आन्या एक खुर्ची जवळ सरकली. पुढच्या आठवड्यात शेजारणीवर येऊन बसली आणि आजोबांचा रुमाल घडी करून तिने त्यांच्या खिशात ठेवला.

सगळं ठीक चाललं होतं. फक्त ससे हरत होते.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी अतुल त्यांच्याबरोबर आला. शंतनू नावाचा त्याचा मित्रही सोबत होता. आदल्या आठवड्यात आजोबा मराठी मंडळाच्या जेवणाला गेले होते आणि नेमक्या त्याच दिवशी ससे जिंकले होते. आन्याही मंडळात होती, त्यामुळे तिचा विजय हुकला होता.

“काका, आता कळलं यार,” शंतनू हसत म्हणाला. “तुम्ही आलात की हे हरतात. पनवती तुम्हीच.”

अतुलही हसला. “बाबा, वर्ल्ड कपच्या वेळी आई तुम्हाला घराबाहेर काढायची ना, मॅच जिंकावी म्हणून?”

आजोबाही हसले. पण माझ्या हातावर टेकलेला त्यांचा हात एकदम घट्ट झाला. त्या संध्याकाळी एक फाउल गेला आणि त्यांनी टाळी वाजवली नाही. तुम्ही म्हणाल, शिकल्यासवरल्या माणसाने असं मनाला लावून घ्यावं का? क्रिकेट बघणाऱ्या घरात विचारा. विकेट पडू नये म्हणून तास न् तास पाय न हलवता बसलेली माणसं तिथे भेटतील. आजोबा त्याच जातीचे.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मोसमाचा शेवटचा सामना होता. मंगळवारी आजोबांचं विमान होतं. आन्याच्या विजयाची ही शेवटची संधी होती. रुपालीबरोबर आन्या आली, शेजारणीवर बसली. मी मात्र रिकामी राहिले.

“आजोबा कुठे?” तिने आईला विचारलं.

“बाहेर गेटपाशी बाकावर बसलेत. म्हणाले, पाय दुखतायत.”

मला ते पाय ठाऊक होते. ते दुखत नव्हते.

आणि काय सांगू, ससे खेळू लागले. चेंडू पायांमधून गेला नाही. कोणी कोणाला धडकलं नाही. नवापैकी आठवा डाव चालू होता तरी आमचा संघ एका धावेने पुढे होता. लोक एकमेकांना चिमटे काढायचे तेवढे बाकी होते. आन्या टोपी मुठीत धरून बसली होती. तेवढ्यात आमच्या फलंदाजाचा एक चेंडू मागे गेला. सगळ्यांनी वळून पाहिलं. फलंदाजाकडे नव्हे, माझ्याकडे. टाळी आलीच नाही. जाड चष्म्याच्या बाई पुटपुटल्या, “व्हेअर इज ही?”

आन्या उभी राहिली. तिने एकटीने दोन टाळ्या वाजवल्या. मग ती पायऱ्या चढून धावत बाहेर गेली.

परत आली ती आजोबांचा हात ओढतच. आजोबा पायरीवर अडून बसले.

“आन्या, जिंकून राहिले ते. मला नको नेऊ. तुला शब्द दिला आहे मी.”

आन्याचं मराठी मोडकंतोडकं होतं; पण त्या वेळी तिने त्यात कुठेही इंग्रजी मिसळलं नाही.

“आजोबा, तुम्ही मंगळवारी जाणार. मला जिंकायला नको. मला तुम्ही इथे पाहिजे.”

आजोबांनी रुमाल काढला. आधी मला पुसलं, मग डोळे पुसले आणि बसले. मी कधी नव्हे ती कुरकुरले नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. पाहुण्या संघाचे खेळाडू नवव्या डावात फलंदाजीला आले आणि त्यांनी दोन धावा काढल्या. एक चेंडू आमच्या क्षेत्ररक्षकाच्या पायांमधून गेला.

“पाहिलं?” आजोबा खिन्नपणे म्हणाले.

आन्या हसू दाबत होती. “ते ससे आहेत, आजोबा.”

आता आमचा शेवटचा डाव. दोघे बाद झाले होते आणि शेवटचा फलंदाज दोनदा चुकला होता. तिसऱ्यांदा चुकला की मोसम संपला. चेंडू आला, कड लागून मागे गेला. आजोबांचे हात वर आले आणि तसेच थांबले.

“वाजवा ना,” आन्या म्हणाली. “आता वाजवायची. दोनदा चुकल्यावर फाउल गेला तर तो मोजत नाहीत. तो आउट नाही. अजून चान्स आहे.”

“म्हणजे फाउल झाला म्हणून तो वाचला?”

“हो.”

“मग माझं एवढं काय चुकत होतं?” म्हणत आजोबांनी टाळी वाजवली. पुढचा चेंडूही मागे गेला. आन्या उभी राहिली, बाई उभ्या राहिल्या, शेंगदाणेवाल्याने टोपली खाली ठेवली. पुन्हा मागे, पुन्हा टाळ्या. होतं नव्हतं ते सगळं मैदान उभं होतं आणि एका जिद्दी सशाला एकेक चेंडू जगताना बघत होतं. जिंकणाऱ्या मैदानातही मी असा आवाज ऐकला नव्हता.

मग तो तिसऱ्यांदा चुकला आणि ससे हरले.

आजोबा बराच वेळ उठले नाहीत. “आपण हरलो,” ते म्हणाले. आन्याने त्यांच्या दंडावर डोकं टेकलं आणि म्हणाली, “हो. आपण.”

दुसऱ्या वर्षी मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि आम्ही जुन्या विकायला निघालो. आन्याने हट्ट करून अतुलला आणलं. एकटी मला नेता येईना, कारण मधला पाय एकच. म्हणून शेजारीणही आली. आता आम्ही त्यांच्या गॅरेजमध्ये आहोत. दिवाळीच्या कंदिलांची खोकी, जुना प्रिंटर, सायकलचं हेल्मेट, सगळं आमच्यावर येऊन पडतं. आजोबांना डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला आहे. ते पुन्हा आले नाहीत.

पण आज २००८ सालातही, मोसम सुरू झाला की दर रविवारी सकाळी आन्या गॅरेजमध्ये येते. खोकी खाली ठेवते. शेजारणीवर स्वतः बसते. मला मात्र रुमालाने पुसते आणि फोन कार्डाने नंबर लावून, स्पीकर सुरू करून फोन माझ्यावर ठेवते. नागपूरहून आवाज येतो, “काय झालं गं काल?”

“हरलो, आजोबा.”

“म्हणजे सगळं ठीक आहे. फाउल किती गेले?”

“खूप. मी टाळ्या वाजवल्या.”

“एकटीने?”

“आधी एकटीने.”

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. जुन्या खुर्चीवर बसण्याआधी तिला एकदा पुसा आणि तिच्या बिजागरीला वर्षातून थेंबभर तेल द्या. आणि तुमच्या घरचं कोणी भलत्या वेळी टाळी वाजवत असेल, तर दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसू नका. शेजारची जागा ते तुमच्यासाठीच धरून बसलेले असतात.