पावलं पुसणारं दंताळं

मित्रांनो, तेरा दात घेऊन जन्मलेलं आणि आता नऊ दातांवर दिवस काढणारं मी एक जुनं लाकडी दंताळं आहे. सुताराने मला घडवलं ते गवत ओढायला. नशिबी आली वाळू.

जंगल आणि समुद्र यांच्या मधोमध एक महागडं रिसॉर्ट होतं. बारा लाकडी खोल्या, प्रत्येकीला समुद्राकडे सज्जा. ‘माणसाचं पाऊल न पडलेला किनारा’ अशी त्याची जाहिरात. आता बारा खोल्यांतली माणसं दिवसभर त्याच किनाऱ्यावर हुंदडणार, मग पाऊल न पडलेला किनारा आणायचा कुठून? तो तिथली झाडलोट करणारी मावशी रोज पहाटे माझ्याकडून करून घ्यायची. उलट्या पावलांनी मागे सरकत ती मला ओढायची. पाहुण्यांच्या खुणा जायच्या आणि तिच्याही. मग पाहुणे सज्जात येऊन एकमेकांना सांगायचे, की बघ, इथे कोणी आलेलंच नाही. खरं सांगायचं तर मला ही माणसं एका दातानेही आवडली नाहीत.

मावशीला मात्र पुसण्याआधी वाचायची खोड. चार नंबरची बाई नवऱ्याच्या दहा पावलं पुढे चालते, नऊ नंबरच्या जोडप्याचं काल बिनसलंय, हे तिला वाळूवरून कळायचं.

एकदा पाच नंबरात एक निवृत्त ठेकेदार मुलीबरोबर उतरले. पहिल्याच सकाळी त्यांना सज्जातून मावशी दिसली. निर्जन किनारा म्हणून आणलंत आणि इथे बायका वाळू विंचरताहेत, अशी त्यांनी तक्रार केली. मॅनेजरसाहेबांनी मावशीला स्वयंपाकघरामागे उभं करून बजावलं, की पुन्हा कोणाला दिसलात तर कामावर येऊ नका. मावशीच्या घरात कमावते हात दोनच, आणि दोन्ही माझ्या दांड्यावर.

तिसऱ्या दिवशी उजाडताना पावलांची एक ओळ खडकांकडे गेलेली दिसली. जड टाच, डावा पाय बाहेर फेकलेला. ठेकेदारच. जातानाची पावलं होती, परतीची नव्हती. मावशी क्षणभर थबकली. पण ते परत येतील आणि आपण दिसू, या धाकाने तिने ओळ पुसली आणि ती मागच्या दाराने आत गेली.

न्याहारीला वडील नाहीत म्हणून मुलगी शोधत आली. साहेबांनी किनाऱ्यावर नजर टाकून छातीठोकपणे सांगितलं, की वाळूवर एकही पाऊल नाही, म्हणजे ते जंगलातच गेले असणार. रोज स्वतःच करवून घेतलेल्या खोट्याला साहेब स्वतःच भुलले. सगळे नोकर जंगलाकडे धावले. इकडे भरती चढत होती.

मावशी मला घट्ट धरून सगळ्या पाहुण्यांदेखत समोर येऊन उभी राहिली.

“पावलं होती. मी पुसली. खडकांकडे गेलेत, परत आलेले नाहीत.”

“मग आतापर्यंत तोंड शिवलं होतं का, मावशी?”

“दिसायचं नाही म्हणालात ना, साहेब? न दिसणारं माणूस बोलेल कसं?”

ठेकेदारांचा पाय दोन खडकांच्या फटीत अडकला होता, पाणी छातीला लागलं होतं. माझा दांडा घालून खडक रेटला तेव्हा पाय सुटला. त्या ओढाताणीत माझे चार दात गेले.

ब्लँकेटात गुंडाळलेल्या ठेकेदारांनी मावशीकडे पाहिलं. “परवाची तीच ना ही?” एवढंच म्हणून त्यांनी मान फिरवली. मुलगी मात्र मावशीचा हात सोडेना.

दुपारी बोटीने नवे पाहुणे येणार होते. साहेबांनी हुकूम सोडला, की शोधाशोधीत तुडवलेला किनारा तेवढा साफ करा आणि उद्यापासून येऊ नका. हे बोळकं दंताळंही घेऊन जा, नवं प्लास्टिकचं मागवलंय.

मावशीने या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळू विंचरली, कधी नव्हे इतकी सुबक. बोट काठाला लागत होती. तेव्हा तिने मला उचलून खांद्यावर घेतलं, जन्मात पहिल्यांदाच, आणि किनाऱ्याच्या मधोमध सरळ तोंडाने चालत निघाली. तिने मागे वळून पाहिलं नाही, मी पाहिलं. कोऱ्या वाळूवर तिची पावलं एकामागे एक उमटत होती, आणि ती पुसायला कोणी नव्हतं.

आता तिच्या अंगणातला पालापाचोळा माझ्याकडे आहे. मित्रांनो, एखादी जागा फारच स्वच्छ दिसली, तर इथे कोणी आलेलंच नाही असं म्हणू नका. कोण येऊन गेलं, ते विचारा. आणि ती साफ करणारी समोरून आलीच, तर मान फिरवू नका.