समातल्या गच्चीवरचा वळणारा अँटेना

संध्याकाळचे पाच वाजले की शहराच्या समा भागातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. तिथल्या लोखंडी मनोऱ्यावरचा अँटेना कुणी हात न लावता वळायचा आणि नेमका तिथे बसलेल्या गोपालबाबाच्या पाटाकडे तोंड करून थांबायचा. शिकलीसवरलेली माणसं डोळे पुसायची.

"बेन, साहेब आव्या छे," बाबा निरुपमाबाईंना सांगायचा. "जगभर आवाज पाठवायची सवय त्यांना. आता वरून पाठवतात. ही खोली माझ्या आश्रमाला दिली, की साफ ऐकू येईल."

निरुपमाबाईंचे यजमान रमाकांतराव हौसेने रेडिओवरून देशोदेशी बोलत. गच्चीवरची खोली त्यांचीच. फाल्गुनात ते गेले. बाई आज खोलीची किल्ली घेऊनच वर आल्या होत्या.

तेवढ्यात जगदेवराव खांद्यावर पोतं घेऊन जिना चढून आले. जवळच्या बाजव्याच्या कारखान्यात उंच मनोरे चढण्यात त्यांचा जन्म गेला. हा मनोराही त्यांनीच उभारलेला. दोन महिने ते गावी होते. परतल्यावर रस्त्यातूनच त्यांनी फिरता अँटेना पाहिला आणि घरून हे पोतं उचललं.

"साहेबांचा आत्मा फिरवतो, काका," शेजारची नयना म्हणाली.

"कशाने फिरवतो? अँटेना फिरवणारी मोटर तर माझ्याकडे आहे." त्यांनी पोत्यातली मोटर काढून पाटासमोर ठेवली. "दुरुस्तीला नेली होती. साहेब गेले, मी गावी गेलो, आणि मोकळा खांब दोराने बांधायचा राहिला. चूक माझी. संध्याकाळी रोज त्याच दिशेचा वारा सुटतो, खांब फिरून या पाटाच्या बाजूला थांबतो. समोरच्या देवळाची ध्वजाही तेव्हाच वळते. तिच्यात कुणाचे साहेब?"

मागे कुणीतरी हसलं.

"मोटर नाही तरी फिरतो," बाबा म्हणाला, "एज तो चमत्कार छे."

"असं? मग पाट उचला, पलीकडच्या कोपऱ्यात बसा. साहेब तिकडे बघतील."

बाबाचा गुडघा एकाएकी दुखू लागला.

जगदेवरावांनी कमरेला पट्टा बांधला, वर चढून खांब दोराने आवळला. ध्वजा फडफडत होती. अँटेना तसूभर हलला नाही. बाबाने एक मंत्र म्हटला, मग दुसरा, मग चपला शोधल्या.

"म्हणजे ते नव्हतेच?" निरुपमाबाईंनी हळूच विचारलं.

"नव्हते, वहिनी. असते तर आधी माझ्यावर ओरडले असते, खांब मोकळा सोडला म्हणून."

बाई रडता रडता हसल्या. किल्ली त्यांनी कमरेला खोचली. "मोटर बसवा उद्या. आणि मला तो रेडिओ लावायला शिकवा."

फिरतो कशाने, एवढा एकच प्रश्न होता. साठ शहाण्या माणसांनी दोन महिने हात जोडले, पण तो विचारला नाही. तुमच्या गच्चीवर काही फिरू लागलं, तर हात नंतर जोडा. आधी वर चढून बघा.